पडद्यावरचे नवे सर आणि खानापूरचे नवे सर

नव्या शिक्षकाचा सिनेमा असला की गोष्ट पहिल्या रिळातच कळते. बदनाम शाळा, त्यातला सगळ्यात वाया गेलेला वर्ग, बाकावर पाय टाकून बसलेली पोरं, स्टाफरूममध्ये चहा पीत ‘चार दिवसांत पळून जाल’ म्हणणारे जुने मास्तर, आणि दारात उभा असलेला नवा माणूस. पहिल्या दिवशी त्याची खिल्ली उडते. मध्यंतराच्या सुमारास सगळ्यात दांडगा पोरगा विरघळतो. शेवटी निकाल लागतो, पोरं उभी राहतात, टाळ्या पडतात आणि आपण डोळे पुसत बाहेर येतो. १९५५ च्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’पासून हा साचा फारसा हललेला नाही. त्या सिनेमात विद्यार्थी झालेला सिडनी पॉइटिए बारा वर्षांनी ‘टू सर, विथ लव्ह’मध्ये स्वतःच नवा मास्तर होऊन आला, एवढाच काय तो बदल.

असं खरंच होतं का, हा प्रश्न शिक्षकांच्या घोळक्यात हमखास निघतो आणि उत्तरही ठरलेलं असतं: होतं, पण इतक्या लवकर नाही. माझी तक्रार वेगाची नाही. अडीच तासांत वर्ष बसवायचं तर दिग्दर्शक घाई करणारच. लग्नाच्या सिनेमातही याद्यांपासून वरातीपर्यंत सगळं एका गाण्यात उरकतं. माझी तक्रार निदानाची आहे. शाळेचं दुखणं मुलांच्या वागण्यात आहे असं हे सिनेमे धरून चालतात आणि औषध म्हणून एक तडफदार माणूस पाठवतात. कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या सरकारी मराठी शाळा ज्यानं आतून बघितल्यात त्याला हे पटणं अवघड आहे. मी इथल्याच एका हायस्कुलात मराठी शिकवतो. या प्राथमिक शाळांतून आलेली मुलं आठवीला माझ्यासमोर बसतात, त्यामुळे मागे काय घडलं, काय राहून गेलं, ते त्यांच्या वह्यांतून दिसत असतं.

आमच्याकडची अडचणीतली शाळा कशी असते? मुलं गुणी असतात, कधी कधी जरा जास्तच. नवे सर वर्गात शिरले की सगळी एका सुरात ‘नमस्ते सर’ म्हणतात. बाकावर पाय टाकायचा तर मुळात बाक हवा. पहिली ते तिसरीच्या नली-कलीच्या (कार्डं आणि खेळांतून शिकवण्याच्या पद्धतीच्या) वर्गात पोरं खाली गटागटानं बसलेली असतात. चाकू, टोळ्या, मादक पदार्थ हे पडद्यावरचं सामान इथं नाही. पोरं वर्गात नसतात तेव्हा ती कुठं असतात हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं: जुलैत भाताच्या रोप लावणीला, गणपतीच्या आठवड्यात घरी, आणि काजूचा हंगाम असला तर रानात. सातवीनंतर मुलगी घरी बसली तर ती बिघडली म्हणून बसलेली नसते. हायस्कूल लांब असतं आणि सकाळची एकच बस असते. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना प्रवास मोफत झाला, हे चांगलंच झालं. पण बस होती तेवढीच राहिली, आणि भरलेली गाडी दप्तरवाल्या पोरांसाठी थांबेलच असं नाही. सिनेमातल्या एकाही तडफदार मास्तरला बसच्या वेळापत्रकाशी झुंजताना मी पाहिलेलं नाही.

मग अडचण कसली? हिशेबाची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असला की शिक्षक दोन. इयत्ता पाच, शिक्षक दोन, आणि तेही कायद्यानं. म्हणजे सगळं नियमाबरहुकूम चाललं तरी एका शिक्षकासमोर एका वेळी दोन-तीन इयत्ता असणारच. त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात मीटिंगला गेला की पाचही एकाच्या गळ्यात. फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या एकवर्गी शाळेवरचा ‘एत्र ए आव्हार’ हा २००२ चा माहितीपट सोडला, तर असा वर्ग मला पडद्यावर फारसा भेटलेला नाही. आणि त्यातले मास्तर नवे नव्हेत, निवृत्तीला आलेले आहेत. (पुढं त्याच मास्तरांनी सिनेमाच्या कमाईत वाटा मागायला कोर्टात धाव घेतली आणि ते हरले. पडद्यावरच्या ऋषितुल्य गुरुजींनाही पोट असतं, हे प्रेक्षकांना जरा उशिरा कळलं.)

जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या बाजूला जुलैमधली एखादी सकाळ बघायला हवी. तिथं पाऊस लागला की दिवसेंदिवस उघडीप नसते. नवे सर खानापुरात खोली करून राहिलेले, रेनकोट घालून मोटारसायकलवर येतात, शाळेच्या कट्ट्यावर बूट काढून पायाला जळू लागलीय का बघतात, मग कुलूप उघडतात. सोबतच्या बाई आज प्रशिक्षणाला. समोर तीसेक पोरं आणि पाच इयत्ता. आधी दूध: पावडरीचं दूध उकळून झालं का ते आत डोकावून बघायचं. मग हजेरी. हजेरीचा आकडा मोबाईलवर भरायचा, पण रेंज मिळते ती मारुतीच्या देवळाच्या पायरीवर, म्हणून तो मधल्या सुट्टीवर ढकलायचा. पहिली-दुसरी-तिसरीला कार्डं वाटायची, चौथीला फळ्यावर वजाबाकी घालून द्यायची, पाचवीला कन्नडचा धडा वाचत बसवायचं. तेवढ्यात तिसरीच्या गटावर कौलातून पाणी ठिबकायला लागतं, म्हणून ती पोरं चौथीच्या शेजारी सरकतात. आता तिसरीला विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं चौथीची पोरं देतात आणि चौथीची वजाबाकी तिसरीतली एक चुणचुणीत पोरगी आधी सोडवून बसते. हा सगळा घोळ असला तरी त्याला एक चाल असते. पाचवीतली मुलगी न सांगता पहिलीतल्या धाकट्या भावाचा हात धरून अक्षर गिरवून घेत असते. दुपारी आहाराच्या वहीत तांदूळ किती, डाळ किती, अंडं किती जणांनी खाल्लं, केळं किती जणांनी घेतलं हे लिहायचं. मग देवळाच्या पायरीवर गेल्यावर फोनमध्ये एकदम पाच-सहा सर्क्युलरं पडतात. सगळी कन्नडमध्ये, आणि त्यातल्या एकाला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं असतं.

या दिवसात नाट्यमय प्रसंग कुठला? मला तरी दिसत नाही. पटकथा लिहिणाऱ्याची पंचाईत मी समजू शकतो. पण अशा सकाळी मधल्या सुट्टीत एखादं पोरगं जवळ येऊन विचारतं, ‘सर, तुम्ही पण जाणार काय?’ तेव्हा अख्ख्या शाळेची हकीगत त्यात आलेली असते. पडद्यावरची पोरं नव्या मास्तरला ‘तू कोण रे टिकोजीराव’ अशा नजरेनं जोखतात. आमची पोरं तो किती दिवस टिकेल ते जोखतात. कारण त्यांनी आलेले-गेलेले बघितलेत. कायमची जागा रिकामी, म्हणून जूनमध्ये, बऱ्याचदा त्याच्याही नंतर, अतिथी शिक्षक येतो आणि शैक्षणिक वर्ष संपलं की त्याची ऑर्डर संपते. पुढच्या वर्षी तोच येईल याची खात्री नाही. मास्तर दरवर्षी बदलतो हे पालक बघतात आणि चौकात येणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत पोराला बसवतात. पट घसरला की असलेला कायम शिक्षकही अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसरीकडे हलवतात. पोरं कमी म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून पोरं कमी. या रहाटगाडग्यात नव्या सरांची तडफ नेमकी कुठं बसवायची?

त्यातून बदल्यांचं गणित वेगळंच. कर्नाटकात २०२० च्या कायद्याप्रमाणे शाळा ए, बी, सी अशा झोनमध्ये वाटल्यात. ए म्हणजे शहर, सी म्हणजे आडगाव. नवा शिक्षक सीमध्ये रुजू होतो आणि पहिल्या दिवसापासून बदलीच्या कौन्सेलिंगचं वर्ष मोजायला लागतो. यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. एकटी राहणारी तरुण शिक्षिका असेल, गावात खोली मिळत नसेल, आजारी आई बेळगावात असेल, तर तिनं काय करावं? सिनेमात शाळा सोडू पाहणारा मास्तर कच्च्या दिलाचा ठरतो आणि अखेरीस त्याचं मन पालटतं. ‘टू सर, विथ लव्ह’चा नायक मुळात इंजिनिअर, शाळेची नोकरी त्यानं तात्पुरती धरलेली असते, आणि शेवटी हाती आलेलं नेमणुकीचं पत्र तो फाडून टाकतो. ज्यांच्या आयुष्यावर ही गोष्ट बेतली ते ई. आर. ब्रेथवेट पुढं वर्ग सोडून समाजकल्याणाच्या कामात गेले. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण पत्र फाडण्याचा प्रसंग लाखोंनी पाहिला, ब्रेथवेट वर्ग सोडून गेले हे थोड्यांनाच ठाऊक.

भाषेचं प्रकरण जरा सावकाश सांगायला हवं, कारण इथं नवा शिक्षक आला म्हणजे आधी त्याची भाषा विचारली जाते. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. आमच्या पोरांनी कन्नड शिकावी याबद्दल माझं दुमत नाही. इथंच राहायचं, इथंच पोट भरायचं, तर कन्नड उत्तम यायलाच हवी, आणि ती शिकवायला कन्नड मातृभाषेची व्यक्ती मिळाली तर सोन्याहून पिवळं. घोटाळा पुढं होतो. कन्नड शिकवायला म्हणून मराठी शाळेत पाठवलेल्या शिक्षिकेच्या अंगावर बाकीच्या जागा रिकाम्या असल्यानं गणित, परिसर अभ्यास आणि कधी मुख्याध्यापकपदाचा चार्जसुद्धा येऊन पडतो.

अशी एक तरुण शिक्षिका मी जवळून बघितली. गोकाककडची. मराठी तोडकंमोडकं, पण कष्टाळू. चौथीला अपूर्णांक आला तेव्हा ती आधी शेजारच्या शाळेतल्या बाईंना फोन लावून मराठीत वाक्यं लिहून घ्यायची, मग वर्गात ती वाचून दाखवायची, आणि मग एका हुशार मुलीला उभं करून तिच्याकडून इतरांना पुन्हा समजावून घ्यायची. स्वतः खाली पोरांत बसून ऐकायची. भाकरी मोडून अर्धा, पाव दाखवायची. त्या भाकरीचे वाटेकरी ठरलेले असत आणि पाव कुणाचा मोठा यावरून भांडण लागायचं. अपूर्णांक पोरांना बऱ्यापैकी आले. मराठी वाचनात मात्र तो अख्खा वर्ग मागं पडला, आणि ते माझ्या वर्गात आठवीपर्यंत दिसत राहिलं. याचा दोष तिला देणारा माणूस मला भेटला तर मी भांडेन. तिनं भाकरी मोडून शिकवलं. तिला मराठी शाळेत सगळे विषय शिकवायला लावणारी ऑर्डर तिनं काढली नव्हती. पुढं तिचीही बदली झाली.

या प्रकाराशी सगळ्यात जवळ जाणारा सिनेमा मराठीत नाही, हिंदीत नाही, इंग्रजीतही नाही. तो कन्नडमध्ये आहे. ऋषभ शेट्टी यांचा २०१८ चा ‘सरकारी हि. प्रा. शाले, कासरगोडु’, नावाला पुढं आणखी शेपूट आहे. त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कासरगोड केरळात गेलं ते १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत, आणि सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात ते आमच्या बेळगावच्या सोबतीनंच येतं. सिनेमात तिथली सरकारी कन्नड शाळा बंद पडायला आलेली आहे आणि कन्नडचा गंध नसलेला मल्याळी मास्तर तिथं गणित शिकवायला पाठवला जातो. पोरं त्याच्याकडे बघत राहतात, तो पोरांकडे. खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही मराठी माणसानं हा प्रसंग बघावा आणि तोंडावर हात ठेवावा. पात्रांच्या भाषा तेवढ्या बदलल्या, बाकी सगळं आपल्या घरचं. कासरगोडच्या पोरांसाठी बंगळुरात टाळ्या पडल्या, त्या मनापासून पडल्या असणार. त्याच राज्यात बेळगावच्या पश्चिमेला तीच गोष्ट उलट बाजूनं चालू आहे, हे त्या टाळ्या देणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असेल कोण जाणे. आणि आपणही फार फुशारकी मारू नये. महाराष्ट्रात जत, अक्कलकोटकडच्या कन्नड शाळांतून मराठी शिक्षक नेमल्याची हीच ओरड ऐकू येते. सीमेच्या दोन्ही अंगांना सरकारं एकाच वळणाची.

तरीही त्या सिनेमाशी माझं एक भांडण आहे. तो दुखणं बरोबर ओळखतो: शाळेच्या संकटात मुलांचा काडीचाही दोष नाही, दोष नेमणुकीत आणि कागदात आहे. पण मल्याळी मास्तर त्यात हसण्यावारी जातो. त्याला तिथं कुणी पाठवलं, त्याचं घर कुठं, त्याला स्वतःला या वर्गात काय वाटत असेल, यात सिनेमाला रस नाही. शेवटी सुटका होते ती अनंत नाग यांच्या कोर्टातल्या भाषणानं. परत एक माणूस येतो, बोलतो आणि जिंकतो. आमच्या सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कोर्टातल्या एका भाषणानं निकाल लागतो, यावर बेळगावकराचा विश्वास बसवणं कठीण काम.

या सगळ्या सिनेमांत सर्वांत जास्त अन्याय कुणावर होत असेल तर तो जुन्या शिक्षकांवर. नायक उजळावा म्हणून त्यांना काळं फासलं जातं. ते जांभया देतात, वर्तमानपत्र वाचतात, नव्याच्या पायात पाय घालतात. असे नग आमच्याकडे नाहीत असं नाही. मस्टरवर सही ठोकून प्लॉटच्या व्यवहाराला जाणारे मीही ओळखतो. पण नव्या शिक्षकाचं पहिलं वर्ष खरं तर तारून नेते ती शाळेतली जुनी बाईच. कुणाचा बाप गोव्यात हॉटेलात आहे आणि घरी निरोप आजीलाच द्यावा लागतो, हे तिला ठाऊक. शाळा सुधारणा समितीतल्या कुणाचं कुणाशी बिनसलंय आणि म्हणून मीटिंगला कुणाला आधी बोलवायचं, हे तिला ठाऊक. तांदळाची पोती पावसाआधी कुठं हलवायची, कन्नडमधल्या सर्क्युलरचा शेवटचा परिच्छेदच तेवढा महत्त्वाचा असतो, उंदरांनी खाल्लेला हजेरीपट नव्यानं कसा करायचा, हे कुठल्या डीएडमध्ये शिकवत नाहीत. ती नव्याला म्हणते, ‘सर, एवढा हुरूप दाखवू नका, सगळी कामं तुमच्याच गळ्यात पडतील.’ पडद्यावर हे वाक्य खलनायकाच्या तोंडी शोभलं असतं. आमच्या शाळेत ती माया असते. ‘हिचकी’ या हिंदी सिनेमात शिक्षिका असलेल्या नायिकेला कमी लेखणारा सहकारी मास्तर लागतोच. तिला हाताशी धरून आहाराची वही शिकवणारी बाई मात्र पटकथेत सापडत नाही.

त्याच ‘हिचकी’तली एक गोष्ट मला सतत खुपते. झोपडपट्टीतली चौदा पोरं, बड्या शाळेतली त्यांची नववी फ, आणि नवी बाई. काही महिन्यांत पोरं पालटतात, हे ठीक. पण अखेरीस ती बाई त्याच शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होताना दिसते. म्हणजे मधली कितीतरी वर्षं ती तिथंच होती! त्या वर्षांत किती वर्ग आले, कुठला वर्ग हाताबाहेर गेला, कुठल्या वर्षी तिला राजीनामा लिहावासा वाटला, मुख्याध्यापिका झाल्यावर तिनं स्वतः कुणा नव्या शिक्षकाचा पाणउतारा केला का? दिग्दर्शकानं तो सगळा काळ एका उडीत ओलांडला. मला नेमका तोच काळ बघायचा होता.

हॉलिवूडनं तर खऱ्या माणसाच्या खऱ्या वर्षांनाच कात्री लावलीय. लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कुलातल्या हाइमे एस्कलांते यांच्यावरचा ‘स्टँड अँड डिलिव्हर’ १९८८ चा. गरीब मेक्सिकन वंशाच्या पोरांनी १९८२ मध्ये कॅल्क्युलसची अवघड परीक्षा दिली, अठरा जण पास झाले, परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं कॉपीचा संशय घेतला, पोरांनी पुन्हा परीक्षा देऊन तो खोडून काढला. हे सगळं घडलेलं. पण सिनेमा पाहून वाटतं, मास्तर आले आणि वर्ष-दोन वर्षांत साध्या हिशेबात अडखळणारी पोरं कॅल्क्युलसला भिडली. एस्कलांते तिथं रुजू झाले १९७४ ला. कॅल्क्युलसचा पहिला वर्ग १९७८ ला, तोही मूठभर पोरांचा. त्यासाठी खालच्या वर्गांचं, आसपासच्या शाळांतलं गणित आधी बांधत आणावं लागलं. १९९१ मध्ये ते शाळा सोडून गेले आणि पुढच्या काही वर्षांत ती सारी उभारणी ओसरली. या हकिगतीत आठ वर्षं आहेत, खालची इयत्ता आहे, शेजारची शाळा आहे, आणि माणूस गेल्यावर काय उरतं हा प्रश्न आहे. शाळेच्या खऱ्या चौकटीत घडणारं सगळं आहे. सिनेमानं त्यातला मास्तर तेवढा उचलला.

सिनेमाच आहे, सोडून द्या, असं म्हणता आलं असतं. पण हा साचा पडद्यावर थांबत नाही. तो मीटिंगमध्ये येतो, ५ सप्टेंबरच्या भाषणात येतो, व्हॉट्सॲपवरच्या रीलमध्ये येतो. ‘शिक्षकानं मनात आणलं तर काय अशक्य आहे?’ हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलंय की आता त्याचा राग येणंही थांबलंय. हे बोलणाऱ्याला रिकाम्या जागेबद्दल बोलावं लागत नाही. गळकं कौल, न आलेली मराठी पाठ्यपुस्तकं, बंगळुरातून कन्नडमध्येच निघणारी सर्क्युलरं, सगळ्यांवर एकच उतारा: शिक्षकाची तळमळ. वर्तमानपत्रात ‘स्वखर्चातून शाळा रंगवली’ अशी बातमी येते. त्या शिक्षकाबद्दल मला आदरच आहे, पण रंगाचं बिल ज्यानं द्यायला हवं होतं त्याचं नाव त्या बातमीत कधी नसतं.

‘फ्रीडम रायटर्स’ या हॉलिवूडपटाची शिक्षिका नायिका मुलांना पुस्तकं घेता यावीत म्हणून आणखी दोन नोकऱ्या धरते. प्रेक्षक भारावतात. आमचे अतिथी शिक्षकही दुसरं काम करतात: कुणी संध्याकाळी शिकवण्या घेतो, कुणी भावाच्या दुकानात बसतो. पण पुस्तकांसाठी नव्हे, घरासाठी. महिन्याचं मानधन दहा-बारा हजाराच्या घरात, उन्हाळी सुट्टीत तेही नाही, आणि आलं तरी वेळेवर येईलच असं नाही. ‘तारे जमीन पर’मधले लाडके निकुंभ सर हेही हंगामी कला शिक्षकच की. त्यांना मानधन किती होतं, ते कुठल्या महिन्यात मिळालं, आणि ईशानचं चित्र बक्षीस मिळवून गेल्यावर पुढच्या जूनला त्यांची ऑर्डर निघाली का, असले प्रश्न थिएटरात विचारायचे नसतात म्हणा.

आणि ज्यांची तळमळ आहे त्यांचा वेळ तरी कुठं जातो बघा. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नये. २०२५ च्या दसऱ्यात कर्नाटकातले शिक्षक सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी घरोघर फिरत होते, आणि ते संपेना म्हणून शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. या मुद्द्यावर अधिक लिहीत नाही. प्रत्येक शिक्षकाकडे याचं स्वतःचं पुराण आहे.

या सिनेमांत काहीच खरं नाही असं मात्र नाही. पहिल्या दिवशी घशाला पडणारी कोरड खरी. आपण पाठ फिरवल्यावर मागून येणारा हसण्याचा आवाज खरा. मुलाला नावानं हाक मारली की त्याचे खांदे सरळ होतात, हे तर शंभर टक्के खरं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००२ चा ‘दहावी फ’ मला म्हणूनच आपला वाटतो. त्यातही बिथरलेली पोरं आहेत, समजूतदार मास्तर आहे, पण गुणांवर पोरांची प्रतवारी लावून शेवटच्या तुकडीला कचरा ठरवणारी शाळा त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. पोरं आधी बिघडली की आधी ‘फ’मध्ये टाकली गेली, हा प्रश्न तो विचारतो.

आणि २००८ चा फ्रेंच ‘आंत्र ले म्युर’, कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. त्यात मास्तरची भूमिका करणारे फ्रांस्वा बेगोदो स्वतः शिक्षक होते, आणि पोरंही पॅरिसच्या एका शाळेतली खरी विद्यार्थी. तो मास्तर चांगला आहे, तरी रागाच्या भरात वर्गातल्या मुलींबद्दल वाईट बोलून जातो. एका मुलाला शाळेतून काढलं जातं आणि मास्तर ते थांबवू शकत नाही. वर्षाच्या शेवटी एक मुलगी त्याच्याजवळ येऊन सांगते की मी या वर्षी काहीच शिकले नाही. तो गोंधळतो, समजूत घालतो, त्याच्याकडे उत्तर नसतं. हा सिनेमा काही कंटाळवाणा नाही. लोकांनी तो रांगा लावून पाहिला. म्हणजे ‘खरं दाखवलं तर लोक बघणार नाहीत’ ही सबब चालायची नाही.

मराठीत असा सिनेमा सीमाभागावर व्हावा असं मला फार वाटतं. आमच्याकडे येळ्ळूर, कडोलीसारख्या गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात, मराठी शाळा वाचवण्याचे ठराव होतात. एकदा ठरावाऐवजी पटकथा वाचायला बसावं. गोष्ट दुसऱ्या वर्षाच्या जूनपासून सुरू करावी, नव्याची नवलाई संपल्यावर. गोकाककडच्या बाईंना त्यात घर असावं, आई असावी, फोनवर कन्नडमध्ये रडणं असावं. जुन्या बाईंना चांगले संवाद द्यावेत. पाच इयत्ता एका खोलीत दाखवाव्यात आणि त्यातला एक तास तरी न कापता दाखवावा. मस्टर, आहाराची वही, शेरेबुक लागलं तर तालुक्यातले कितीतरी मुख्याध्यापक हौसेनं आणून देतील. फक्त शूटिंग पावसाळ्यात लावावं लागेल, कारण उन्हाळ्यात कौल गळत नाही; आणि कणकुंबीच्या बाजूला त्या दिवसांत कॅमेरा कोरडा कसा ठेवायचा, हे त्यांचं त्यांनी बघावं.